फाटक्या पुस्तकांची बाजू

पुस्तकाची योग्यता पारखण्याच्या ज्या कसोट्या विद्वानांनीं सांगितल्या आहेत त्या मी गेलीं तीस वर्षें विद्यार्थ्यांना शिकवीत आलों आहें. कथानकाची बांधणी, स्वभावचित्रणाची सूक्ष्मता, भाषेचें सौष्ठव, जीवनदर्शनाची व्याप्ति, एवढें सगळें फळ्यावर लिहून होतें तोंच घंटा होते आणि वर्ग सुटतो. परंतु एक कसोटी फळ्यावर लिहिण्याचा प्रसंग मला आला नाहीं, कारण ती कोणत्याहि टीकाग्रंथांत दिलेली नाहीं. ही कसोटी बोटांची आहे. ग्रंथालयाच्या कपाटापुढें उभें राहावें, एकेक पुस्तक हातांत घ्यावें आणि तें न उघडतां त्याची कड नुसती चांचपून पाहावी. जी कड सुरीच्या पात्यासारखी कोरी व धारदार लागते, तें पुस्तक सहसा कोणीं वाचलेलें नसतें. जी मऊ, फुगीर आणि किंचित् मळकट लागते, तें पुष्कळांच्या हातांतून गेलेलें असतें. लेखकाचें नांव पुठ्ठ्यावर छापलेलें असतें. वाचकांची नोंद ह्या कडेवर असते.

ह्या कसोटीची संवय झाली म्हणजे असें ध्यानांत येतें कीं, सर्व पुस्तकें सारखीं झिजत नाहींत. ज्या जातीचें पुस्तक त्या जातीची झीज. आपल्याकडल्या जुन्या घरांतून अजूनहि सांपडणारी शिवलीलामृताची पोथी घ्या. श्रीधरस्वामींनीं ही पोथी बारामतीस 1718 सालीं पूर्ण केली. तीनशें वर्षांत तिला जितके वाचक लाभले तितके मराठींतील फारच थोड्या ग्रंथांना लाभले असतील. तिचा अकरावा अध्याय नित्य वाचावयाचा, असा अनेक घरांतून परिपाठ आहे. त्यामुळें त्या अध्यायाचीं पानें ओल्या आंगठ्यानें उलटून उलटून कोपऱ्यांशीं काळवंडलेलीं असतात, आणि शेजारच्या अध्यायांचीं पानें त्या मानानें उजळ राहतात. न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून ती पोथी वाचणाऱ्या बाईला कोणी विचारलें असतें, ‘आपण काय वाचतां?’ तर ‘छे, मी कुठली वाचते!’ असेंच उत्तर तिनें दिलें असतें. तिच्या दृष्टीनें वाचणें हें शिकलेल्या लोकांचें काम. ही नित्याची पोथी होती.

दुसरी जात पाकशास्त्राच्या पुस्तकांची. लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं 1910 च्या सुमारास हजार पाकक्रियांचें ‘गृहिणीमित्र’ लिहिलें, आणि 1970 सालीं कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ निघालें. ‘रुचिरा’च्या लोकप्रियतेचें कारण शोधण्यासाठीं साहित्यशास्त्राकडे जावें लागत नाहीं. त्या पुस्तकांत मापें वाटीचीं आणि चमच्यांचीं आहेत. ताजवा घरोघरीं नसतो, वाटी असते. सासर-माहेर दोन्हीं दूर ठेवून शहरांतल्या दोन खोल्यांत किंवा परदेशांत संसार मांडणाऱ्या मुलीला ‘अंदाजानें घाल’ असें सांगणारें माणूस जवळ उरलें नव्हतें. तिला हवें होतें तें ह्या वाटीनें दिलें. हें पुस्तक झिजतें तें ओट्यावर. हळदीचीं बोटें, तेलाचे पारदर्शक डाग, मधूनच पिठानें एकमेकांस चिकटलेलीं दोन पानें. कोणत्या घरांत काय आवडीनें खाल्लें जात होतें, हें त्या डागांवरून नेमकें सांगतां येतें.

तिसरी जात रहस्यकथांची. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि झुंजार व काळापहाड हीं नांवें एके काळीं ज्याला ठाऊक नव्हतीं असा लिहितावाचता तरुण मुंबईपुण्यांत विरळा. ह्या पुस्तकांचा कागद स्वस्त, बांधणी कच्ची आणि आकार लहान. तीं उभीं दुमडून खिशांत घातलीं जात, लोकलमध्यें एका हातानें दांडा धरून दुसऱ्या हातानें वाचलीं जात, आणि भाड्याच्या वाचनालयांतून एका दिवसाच्या बोलीनें आणलेलीं असल्यामुळें त्याच रात्रीं संपवावीं लागत. त्यांचें शेवटचें पान बहुधा नाहींसें झालेलें असतें. आणि तें असलें तर पहिल्याच पानावर कोणा खोडसाळ वाचकानें शिसपेन्सिलीनें गुन्हेगाराचें नांव लिहून ठेवलेलें असतें. अशा माणसाला साहित्याच्या इतिहासांत स्थान नाहीं, परंतु वाचकांच्या शिव्याशापांत तो अमर आहे.

मुलांच्या पुस्तकांना पुठ्ठा नसतो. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ असो कीं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असो, पहिलीं चारसहा पानें गेलेलीं आणि गोष्ट मधूनच सुरू झालेली, अशाच स्थितींत ह्या वीरांची आणि पुष्कळ मुलांची पहिली भेट होते, व त्यांत मुलांचें कांहीं अडत नाहीं. ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांची पाठ मोडते. रणजित देसायांची ‘स्वामी’ (1962) किंवा शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (1967) ही छातीवर ठेवून, निजून वाचण्याची पुस्तकें. तीं मधोमध उघडून पालथीं ठेवलीं जातात आणि एके दिवशीं तेथेंच दुभंगतात. ‘श्यामची आई’च्या पानांवर मात्र मला पुष्कळदां पाण्याच्या थेंबांचे फुगलेले डाग दिसले आहेत. साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत तें पुस्तक लिहिलें. डागांचें पाणी कोठलें, ह्याची चौकशी करूं नये.

एवढें सगळें सांगण्याचें कारण असें कीं, आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत जागेची टंचाई झाली. नवीन पुस्तकें ठेवावयाचीं तर जुनीं काढलीं पाहिजेत, हें उघड आहे. ह्या कामास सरकारी भाषेंत निर्लेखन म्हणतात. समितीचा एक सभासद म्हणून माझ्याकडे निर्लेखनाची यादी सहीसाठीं आली. सुमारें 200 पुस्तकें होतीं. प्रत्येक पुस्तकापुढें शेऱ्याचा रकाना आणि त्यांत तीनचार शब्दांचाच आलटून पालटून उपयोग केलेला: ‘जीर्ण’, ‘पानें गहाळ’, ‘पुठ्ठा नाहीं’, ‘बांधणी सुटली’. नांवें वाचीत गेलों तेव्हां दिसून आलें कीं, वर ज्या जाती सांगितल्या त्याच बहुतेक सगळ्या तेथें ओळीनें उभ्या होत्या. कादंबऱ्या, प्रवासवर्णनें, विनोदी लेख, शिकारीच्या गोष्टी, विणकामाचें एक पुस्तक, पाकशास्त्राचीं दोन. उलट, ज्यांच्या पानांच्या कडा अजून सुटल्याहि नाहींत असे काव्यशास्त्रावरील जाडजूड प्रबंध यादींत नव्हते. त्यांची प्रकृति उत्तम होती.

नियमांत दोष कोणाचाहि नाहीं. फाटलेलें काढावें, चांगलें ठेवावें, ह्यापेक्षां सरळ नियम कोणता असणार? पण त्याचा परिणाम पाहावा. ज्या पुस्तकानें ग्रंथालयाचें काम सर्वांत अधिक केलें तें त्या कामामुळेंच बाहेर जातें, आणि ज्यानें कांहींच केलें नाहीं तें त्याच गुणावर चिरंजीव होतें. हा न्याय माणसांच्या कचेऱ्यांतूनहि पाहावयास मिळतो. पुस्तकांच्या बाबतींत तो अधिक बिनबोभाट चालतो इतकेंच.

मी इंग्रजीचा अध्यापक असल्यामुळें ह्या प्रसंगीं मला ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाची हकीकत आठवल्याशिवाय राहिली नाहीं. ह्या ग्रंथालयाचा संस्थापक सर थॉमस बोडली ह्याला नाटकाच्या छापील पुस्तकांचा मनस्वी तिटकारा होता. अशीं हलकीं पुस्तकें ठेवल्यानें संस्थेच्या नांवाला बट्टा लागेल, अशा आशयाचें पत्र त्यानें 1612 सालीं आपल्या ग्रंथपालाला लिहिलें. बोडली पुढल्याच वर्षीं वारला. 1623 सालीं शेक्सपियरच्या 36 नाटकांचा पहिला मोठा संग्रह निघाला आणि त्याची एक प्रत मुद्रकांशीं झालेल्या कराराप्रमाणें ह्या ग्रंथालयांत आली. तिला साखळी घालून फळीवर ठेवण्यांत आलें. चाळीसएक वर्षांनीं त्या संग्रहाची तिसरी आवृत्ति निघाली. नवी आली तेव्हां जुनी जादा झाली, आणि ती इतर जादा पुस्तकांबरोबर विकून टाकण्यांत आली असें दिसतें. पुढें दोन शतकांहून अधिक काळ तिचा पत्ता नव्हता. 1905 सालीं एक विद्यार्थी आपल्या घरांतलें एक जुनें पुस्तक बांधणीविषयीं सल्ला विचारण्यासाठीं ग्रंथालयांत घेऊन आला, आणि त्या मूळ बांधणीवरूनच ओळख पटली कीं, ही आपलीच प्रत! पुढें तिच्यावर एका अमेरिकन संग्राहकाची नजर गेली व त्यानें 3000 पौंड देऊं केले. ग्रंथालयानें वर्गणी गोळा केली आणि 1906 सालीं तेवढेच पैसे मोजून आपणच विकलेलें पुस्तक परत घेतलें.

ह्या कथेंतील पैशाचा भाग मनोरंजक आहे, पण मला त्याहून दुसऱ्या भागाचें महत्त्व वाटतें. ती प्रत तपासली तेव्हां असें दिसलें कीं तिचीं पानें सारखीं झिजलेलीं नाहींत. सर्वांत अधिक झिजलें आहे तें ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’. आणि त्यांतहि सज्ज्यांतील प्रवेशालगतच्या पानाची तर हातांखालीं चाळण होण्याची वेळ आलेली. सतराव्या शतकांतील ऑक्सफर्डचे विद्यार्थी त्या गंभीर वास्तूंत साखळीशीं उभे राहून काय वाचीत होते, हें त्यांच्यापैकीं कोणींहि लिहून ठेवलेलें नाहीं. तें ह्या कागदानें सांगितलें. ती प्रत स्वच्छ राहिली असती तर तिची किंमत कदाचित् अधिक आली असती, पण तिच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं उरलें नसतें.

आमच्या समितींत माझे एक विद्वान् स्नेही आहेत. त्यांचें मत माझ्याहून निराळें, आणि तें त्यांनीं नेहमींच्या मार्मिकपणानें मांडलें. ते म्हणाले, ‘हीं पुस्तकें म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्या. वाचक रहस्यकथेंतून कादंबरींत येतो, कादंबरींतून काव्यांत, काव्यांतून तत्त्वज्ञानांत. वर चढलेल्या माणसाला खालची पायरी कशाला हवी? आणि महाविद्यालयांत यावयाचें तें वर चढण्यासाठीं.’ ही शिडीची उपमा जुनी आहे व पुष्कळ सज्जनांनीं लोकप्रिय पुस्तकांची कड घेतांना तीच वापरलेली आहे. मला ती कड घेणें वाटत नाहीं. त्यांत उपकाराची भाषा आहे. ‘रुचिरा’ ही कोणत्या शिडीची पायरी? ती वाचून बाईनें पुढें कोठें जावयाचें? तिला पुरणपोळी करावयाची होती, ती झाली. माझ्या शेजारीं एक सेवानिवृत्त कारकून राहत असत. ऐंशी वर्षांचे होईपर्यंत ते रहस्यकथाच वाचीत. चढण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाहीं. परंतु खरें व खोटें बोलणें ह्यांतला फरक ओळखण्याचा जो सराव त्यांना झाला होता तो पाहून गल्लींतले तंटे लोक त्यांच्याकडे तोडण्यासाठीं आणीत. त्यांना वर न चढल्याबद्दल कमी लेखण्याचा अधिकार मला तरी नाहीं.

आणि शिडीच म्हणावयाची तर ती वाचकाची नसून वाङ्मयाची आहे. 1857 सालीं बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ झालें, 1861 सालीं हळबे ह्यांची अद्‌भुतरम्य ‘मुक्तामाला’ आली, 1871 सालीं गुंजीकरांचें ‘मोचनगड’. लांबलचक गोष्ट घेऊन बसण्याची संवय मराठी माणसाला लागली ती असल्या पुस्तकांनीं. ती संवय नसती तर हरिभाऊ आपट्यांना वाचक कोठून मिळाला असता? त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ज्या साप्ताहिकांत 1890 पासून क्रमशः येऊं लागली त्या साप्ताहिकाचें नांव ‘करमणूक’ असें होतें. मराठींतील एका अतिशय गंभीर पुस्तकानें जगांत प्रवेश केला तो करमणुकीच्या दारानें, हें आम्ही अध्यापक वर्गांत सांगतों आणि लगेच विसरतों. ‘स्वामी’ला 1964 सालीं आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’ला 1965 सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, म्हणजे लोकांचा कौल आणि पंडितांचा कौल एका जागीं पडूं शकतात, नेहमींच पडतात असें नव्हे.

माझ्या स्नेह्यांनीं ह्यावर जो प्रश्न टाकला तो मात्र खरोखर बिनतोड होता. ते म्हणाले, ‘झीज हीच कसोटी मानली तर आपल्या ग्रंथालयांतील सर्वश्रेष्ठ वाङ्मय कोणतें? परीक्षेचीं गाइडें! त्यांच्याइतकें दुसरें कांहींच फाटत नाहीं.’ सभेंत हंशा पिकला, व त्यांत मीहि सामील झालों. परंतु घरीं आल्यावर मी त्या प्रश्नाचा विचार करूं लागलों, कारण तो हंशावारीं नेण्यासारखा नव्हता. गरजेनें फाटणें आणि आवडीनें फाटणें ह्यांतला फरक कडेवरून कळत नाहीं, हें खरेंच. मग तो कशावरून कळतो?

उत्तर मला आईच्या पुस्तकांत सांपडलें. तिच्यापाशीं ‘रुचिरा’ची एक जुनी प्रत होती, तिच्या माघारीं ती माझ्याकडे आली. तिची पाठ तिनें जाड सुताच्या दोऱ्यानें शिवलेली आहे. वर दिनदर्शिकेच्या गुळगुळीत कागदाचें वेष्टन. सुटलेलीं पानें गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटविलेलीं. एका पानाचा कोपरा गेला तेथें तिनें कोरा कागद जोडून पुसलेले शब्द आपल्या हातानें लिहून काढले. समासांत ठिकठिकाणीं तिचे शेरे आहेत: ‘गूळ पाऊण वाटी पुरे’, ‘धाकट्याला आवडलें’, ‘पाव्हणे आले तेव्हां केलें, कमी पडलें’. आईनें आयुष्यांत पत्रांखेरीज कांहीं लिहिलें नाहीं, आणि तीं पत्रें आज आमच्यापाशीं नाहींत. तिच्या अक्षराचा जो ठेवा आहे तो ह्या समासांत. परीक्षेचें गाइड फाटतें, पण तें शिवीत कोणी बसत नाहीं. निकाल लागला कीं तें रद्दींत जातें, व गेलें म्हणून कोणास चुटपुट लागत नाहीं. तेव्हां मीं माझी कसोटी थोडी दुरुस्त करून घेतली. पुस्तक किती फाटलें हें पाहावें, आणि मग तें कोणीं सांधलें आहे काय, हें पाहावें.

दुसऱ्या दिवशीं मीं ती यादी घेऊन ग्रंथालयांत बसलों आणि एकेक पुस्तक मागवून पाहिलें. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांना ह्या उद्योगाचें नवल वाटलें असावें. परंतु पाहतां पाहतां त्या पुस्तकांची निराळीच माहिती हातीं आली. कित्येकांच्या पाठीला बाहेरच्या बाजूनें कापडी पट्टी लावलेली होती. ती ग्रंथालयानें लावलेली नव्हती, कारण त्या कापडावर फुलें होतीं. एका प्रवासवर्णनांतील गहाळ झालेलीं दोन पानें कोणीं तरी दुसऱ्या प्रतीवरून सुवाच्य अक्षरांत उतरून घेऊन मध्यें बसविलीं होतीं. नांव नाहीं, तारीख नाहीं. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी वाचकाची गोष्ट तुटूं नये एवढ्यासाठीं कोणा विद्यार्थ्यानें एक संध्याकाळ खर्ची घातली होती. टीकाशास्त्रांत ह्या कृतीला काय म्हणतात मला ठाऊक नाहीं. मी तिला परीक्षण म्हणेन, आणि तें अनुकूल परीक्षण होतें.

समितीपुढें मीं दोन सूचना मांडल्या. जें पुस्तक बाजारांत मिळतें त्याची नवी प्रत आणल्यावांचून जुनी काढूं नये. आणि जें मिळत नाहीं तें बांधून घ्यावें. पहिली सूचना मान्य झाली. दुसरीला पैसा आडवा आला, कारण अनुदान नव्या खरेदीचें होतें आणि बांधणीचा खर्च त्यांत बसत नव्हता. शेवटीं ग्रंथालयाबाहेरच्या ओसरींत एक लोखंडी कपाट ठेवण्यास परवानगी मिळाली. त्यांत 80 पुस्तकें मावतात. बाजारांतून नव्यानें मिळणारीं वगळलीं तरी उरलेलीं त्याहून पुष्कळ अधिक होतीं, त्यामुळें निवड करणें प्राप्त झालें. जीं कोणीं सांधलेलीं होतीं तीं मीं प्रथम घेतलीं. उरलेल्या जागेसाठीं दोन दिवस घासाघीस केली. ती दुसऱ्या कोणाशीं नव्हती. जीं गेलीं त्यांतहि कोणाचीं तरी आवडतीं होतींच, आणि कांहीं स्वस्त कागदावरच्या रहस्यकथा तर अशा कीं त्यांची दुसरी प्रत कोठें असेल असें मला वाटत नाहीं. ज्या पुस्तकांना लाखो डोळे लाभले त्यांची एक प्रत उरूं नये, हें ऐकावयास विपरीत वाटतें; पण लोकप्रिय पुस्तकांच्या बाबतींत नेहमीं तेंच होत आलें आहे. सर्वांच्या घरीं असलेली वस्तु कोणी जपून ठेवीत नाहीं.

आतांचे विद्यार्थी पुष्कळसें वाचन भ्रमणध्वनीच्या कांचेवर करतात. त्याबद्दल तक्रार करण्याचें मला कारण दिसत नाहीं. आगगाडींत रहस्यकथा वाचणाऱ्या त्यांच्या आजोबांचेंच हें व्रत आहे. फक्त एवढेंच कीं कांच झिजत नाहीं. कोणतें पान कितीदां उघडलें ह्याची मोजदाद यंत्र ठेवतें आणि ती पुस्तक विकणाऱ्याला कळते. पुढल्या वाचकाच्या बोटांना ती लागत नाहीं.

कपाट ठेवतांना ग्रंथपालांनीं किल्ली कोणाकडे द्यावयाची असें विचारलें. पुस्तकें हरवतील, ही त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. तरी कुलूप लावूं नये असें मीं सुचविलें आणि तें त्यांनीं मानलें. महिन्याभरांत तीन पुस्तकें नाहींशीं झालीं, दोन परत आलीं. परत आलेल्यांपैकीं एकाची पाठ नव्यानें चिकटविलेली आहे.